एक गोटी कमी

मतदानाच्या आदल्या दिवशी फर्मान आलं:
शाळेच्या आसपास सायकलची घंटी वाजता कामा नये.
कारण मत म्हणजे गोटी,
नळीतून पत्र्याच्या पिंपात सोडायची,
आत घंटी. टण् झालं की मत पडलं.
आणि सायकल वाजते हुबेहूब तशीच.

पण सायकलीशिवाय माणसं येणार कशी
दलदलीपलीकडच्या सारेकुंडाहून?
मग साहेबानेच तोडगा काढला, घंट्या उतरवा.
गांबिया नदीच्या या काठावर
त्या मापाचा पाना एकट्या माझ्याकडे.

पहाटेपासून एकेचाळीस घंट्या काढल्या,
भुईमुगाच्या रिकाम्या पोत्यात टाकल्या
आणि पोतं मांडीखाली घेऊन बसलो
शाळेच्या कुडाला टेकून.

रांग नदीपर्यंत.
बायका भातखाचरातून तशाच आलेल्या, पोटऱ्यांना चिखल.
मुखियाच्या म्हाताऱ्या भावाने घरून खुर्ची आणलेली,
बसे, उठे, वीतभर पुढे सरकवी, पुन्हा बसे.
बाथर्स्टचे लोक कधीपासून मतं देत होते.
आम्हा वरच्या अंगाच्यांना आजवर
कुणी काही विचारलं नव्हतं,
कर तेवढा न विचारता दारात येई.

बाहेर सगळे कान देऊन.
टण्. पुढचा.
टण्. पुढचा.
पिंप हिरवं असो की निळं,
आवाज सगळ्यांचा एकच. तेच तर त्यातलं भलं.

मग तिदा सान्यांग आत गेली.
पडदा हलला, थांबला.
आणि काहीच नाही.
कारकुनाची पेन्सिल वरच्या वर.
कुणीतरी म्हणालं, म्हातारीला नळी दिसत नसेल.
मी बूड हलवलं.
खरं सांगतो, नुसतं बूड हलवलं,
पायाला मुंग्या आल्या होत्या.
पोत्यातून आवाज आला: टण्.

"पुढचा," कारकून म्हणाला.
तिदा मूठ आवळून बाहेर पडली,
पाय धुवायला नदीकडे गेली.

रात्री कंदिलाखाली भोकांच्या फळीवर गोट्या मांडल्या.
यादीवर खुणा तीनशे अकरा,
गोट्या तीनशे दहा.
दोन्ही पक्षांचे लोक हमरीतुमरीवर आले.
पिंपं उलटी करून झटकली,
तळातला भुसा बोटांनी चाळला.
निकाल एका गोटीने बदलणार नव्हता.
साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा मागितला.
मी पोतं उचललं. खळखळू नये म्हणून
पोटाशी धरून नेलं, तान्ह्या पोरासारखं.

पुढे एका फेब्रुवारीत, मध्यरात्री,
बाथर्स्टला एक झेंडा उतरला, दुसरा चढला.
आम्हाला तो रेडिओवर दिसला.
बँड, भाषण, मग खरखर, मग बॅटरी गेली.
नेमका क्षण कुठला होता
यावर सकाळपर्यंत वाद चालला.

त्या वर्षीचा भुईमूग निघाला तेव्हा
तिदाच्या अंगणात तिचा नातू
एकच काचेची गोटी घेऊन एकटा खेळत होता.
मी पाहतोय हे तिने पाहिलं.
मुसळ थांबवलं नाही.

"माझा फोदे त्यांनी बर्माच्या लढाईला नेला," म्हणाली,
"बोटीत चढताना वहीत नाव लिहून घेतलं.
मग कागद आला. तुझ्या बापानेच वाचला होता.
एक नेला. एक ठेवली.
हिशेब जुळत नाही, ठाऊक आहे मला."

चार घाव.

"पण ती घंटी कुणाची रे?"

"सायकलची," मी म्हटलं.
ती हसली की घाम पुसला, कळलं नाही.

पोत्यात अजून तीन घंट्या आहेत,
कुणी न्यायला आलं नाही.
त्या दिवशी यांतलीच एखादी वाजली का
म्हणून एकदा दार लावून
एकेक वाजवून पाहिली.
सगळ्या तशाच वाजतात.